पेशी, कोशिका आणि मांसपेशी

प्रश्न रावेरहून आला आहे. मुलगी आठवीत, मराठी माध्यमात. पुस्तकातला धडा पेशी आणि पेशीअंगकांचा, पण मोबाइलवर ती बघते ते व्हिडिओ हिंदीतले, आणि त्यात सगळीकडे ‘कोशिका’. तिथवर निभावलं. मग एका व्हिडिओत ‘मांसपेशी’ आली ती निघाली आपला स्नायू, आणि ‘स्नायु’ आला तो निघाला चेतातंतू. आता आई विचारतात, मराठीवाल्यांनी शब्द उचलताना घोटाळा केला का? की हिंदीवाल्यांनी?

ताई, घोटाळा आहे खरा, आणि तुम्हाला दिसतोय त्याहून मोठा आहे. बुऱ्हाणपूर तुमच्या शेजारी, एकेकाळी खान्देशची राजधानीच ती, म्हणून तुम्हाला हिंदी आडवी आली. खान्देशच्या दुसऱ्या टोकाला, नवापूरला, गुजराती आडवी येते. तिथल्या रेल्वे स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. फलाटाच्या या टोकाला मराठी शाळेतलं पोर ‘पेशी’ म्हणतं तेव्हा त्याच्या डोक्यात सेल असतो. त्या टोकाच्या गुजराती पुस्तकात ‘पेशी’ म्हणजे ऊती, म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह. सेलला गुजरातीत ‘कोष’. स्नायू मात्र गुजरातीतही आपल्यासारखाच स्नायू. म्हणजे एकच शब्द तीन भाषांनी घेतला. मराठीने तो सर्वांत लहान वस्तूला दिला, गुजरातीने तिच्या समूहाला आणि हिंदीने मांस जोडून स्नायूला.

आता मूळ. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा किंवा तुकडा. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी मोजल्या आहेत, त्या आजच्या अर्थाने स्नायूच. आणि त्याचे ‘स्नायु’ वेगळे, सांधे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांसारखे. तेव्हा स्नायूपुरतं बोलायचं तर हिंदी सुश्रुताला धरून आहे आणि आपण वाट सोडली, हे कबूल करायला हवं.

पण पेशीला दुसरेही अर्थ आहेत. महाभारतात गांधारीच्या पोटी लोखंडाच्या गोळ्यासारखी घट्ट ‘मांसपेशी’ येते. तिच्यावर थंड पाणी शिंपडतात, तिचे अंगठ्याच्या पेरांएवढे एकशे एक तुकडे होतात, ते तुपाच्या कुंभांत ठेवले जातात आणि त्यांतून शंभर पुत्र आणि दुःशला. कथा ती कथा, तिच्यात विज्ञान शोधायला मी निघालेलो नाही. शब्दाच्या अंगाने एवढंच बघा, की पेशी म्हणजे जिच्यातून जीव वाढतो असा गोळा, हा अर्थ भाषेत फार जुना आहे. रुडॉल्फ विरशॉने १८५५ साली पेशीपासूनच पेशी होते असं मांडलं, त्यासाठी हा शब्द कसा बसला असता ते तुम्हीच ठरवा.

आणि खरी गंमत अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या समानार्थी शब्दांच्या कोशात आहे. पक्ष्यांच्या ओळींत अंड्याचे पर्याय दिलेत: ‘पेशी कोषो द्विहीनेऽण्डं’. पेशी, कोष, अंड. तिन्हींचा अर्थ अंडं. म्हणजे मराठीची पेशी, गुजरातीचा कोष आणि त्याच कोषाला ‘इका’ लावून लहान केलेली हिंदीची कोशिका, हे सगळे एकाच ओळीत शेजारी बसलेले शब्द. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

फरक आहे तो चित्राचा. कोश किंवा कोष म्हणजे म्यान, पेटी, कवच. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप भिंगाखाली पाहिला, त्यात रिकाम्या खोल्या दिसल्या आणि त्याने त्यांना सेल म्हटलं, म्हणजे कोठडी. बूच मेलेलं होतं. आतला ऐवज केव्हाच संपला होता, उरल्या होत्या नुसत्या भिंती. इंग्रजी नाव पडलं ते घर ओस पडल्यावर. कोशिका त्या नावाशी इमान राखते. पेशी वस्तूशी राखते, कारण ती गोळा आहे, भरलेली आहे. माझा कौल पेशीला, आणि तो केवळ मराठी आहे म्हणून नाही.

कारण पुढे धड्यात प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचं बाहेरचं पातळ आवरण येतं, आणि तिथे कोठडीचं चित्र मुलांना आडवं येतं. कोठडीची भिंत म्हटली की आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. पेशीभोवतीचं पटल तसं नाही. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ, मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर, त्यात रोवलेली प्रथिनं. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड थेट आरपार जातात. साखरेला, क्षारांना प्रथिनांचे दरवाजे लागतात. पाण्याला खास वाटा आहेत. त्या शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कमी असेल तिकडून जास्त असेल तिकडे काही न्यायचं तर ऊर्जा खर्ची पडते. पुस्तकाचा शब्द आहे ‘निवडक्षम पारपटल’. जड आहे, पण ‘निवडक्षम’मध्ये सगळं आलं. भिंत निवड करत नाही. (वनस्पतींना पटलाबाहेर पेशीभित्तिका असते, ती खरी भिंत. हूकला तीच दिसली.)

हे मुलीला घरीच दाखवा. अंडं व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस ठेवा, कवच विरघळून जाईल, पापुद्रा उरेल. ते साध्या पाण्यात ठेवलं की फुगतं, साखरेच्या घट्ट पाकात ठेवलं की सुरकुततं. पापुद्र्यातून पाणी ये-जा करतं, साखर अडते. हा पापुद्रा म्हणजे प्रद्रव्यपटल नव्हे, पण परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचं असं ये-जा करणं, डोळ्यांना दिसतं. शिवाय अमरकोशातली पेशी आणि कोष दोन्ही वाटीत हजर.

अंडं घरात चालत नसेल तर कैरी. आमच्या धुळ्याकडच्या घरात आजी लोणच्याच्या दिवसांत म्हणायची, “कैरीले मीठ लाव का पानी सुटस.” ‘सुटस’ हा मला पुस्तकातल्या ‘बहिःपरासरण’पेक्षा, म्हणजे पेशीतून पाणी बाहेर जाण्याच्या नावापेक्षा, नेमका वाटतो. मीठ पाणी ओढून काढतं असं आपण म्हणतो, पण आजीच्या वाक्यात पाणी आपणहून सुटतं, आणि घडतंही तसंच: आतलं पाणी, बाहेर जिकडे मीठ दाटलंय, तिकडे पटलातून निघून जातं.

ते पाणी येतं कुठून? बरंचसं रिक्तिकेतून, म्हणजे पेशीच्या आतल्या पिशवीतून. आणि शब्दांवर रागवायचंच असेल तर ताई, या शब्दावर रागवा. रिक्तिका म्हणजे रिकामी. जुन्या अभ्यासकांना ती जागा भिंगाखाली पोकळ दिसली, लॅटिनमधल्या रिकामेपणावरून नाव पडलं आणि आपण चुकीसकट भाषांतर केलं. प्रत्यक्षात वनस्पतीच्या पूर्ण वाढलेल्या पेशीत बहुतेक जागा हीच व्यापते, आणि ती भरलेली असते पाणी, क्षार, शर्करा, आम्लं यांनी. कैरीचा आंबटपणा तिथलाच. मे महिन्यात तुमच्याकडच्या केळीची पानं दुपारी माना टाकतात ती रिक्तिकेतलं पाणी कमी झाल्यामुळे. हिंदीत यासाठी ‘रसधानी’ आहे. पेशीवर आपण जिंकलो असलो तर इथे हिंदीने सपशेल हरवलंय. हा शब्द मराठीने निःसंकोच उचलावा असं माझं मत आहे. परीक्षेत मात्र मुलीने रिक्तिकाच लिहावं.

दोन किरकोळ गोष्टी. दवाखान्यात आपल्याकडे सर्रास ‘पांढऱ्या पेश्या कमी झाल्या’ ऐकू येतं. नदी-नद्या या चालीवर ते तर्काला सोडून नाही, पण छापील मराठीत अनेकवचनही पेशीच: एक पेशी, अनेक पेशी, पेशींना, पेशींचे.

आणि कोर्टातली ‘पेशी’ या कुळातली नाही. ती फारसी, ‘पेश’ म्हणजे समोर, पेशव्यांच्या घरातली.