पहिल्या पावसानंतर विहिरीचं गढूळ पाणी तुरटी फिरवून प्यायलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय, मृगाचा पाऊस झाला की विहिरीला गढूळ पाणी येतं, आई कळशीत तुरटी फिरवते, तेवढं पुरे का. नाही पुरत. तुरटीने गाळ तळाला बसतो, जंतू मरत नाहीत.

आमची वाडी राजापूर तालुक्यात, उतारावर. विहीर जांभ्यातली. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, वरचं पाणी धड गाळलं न जाता फटींतून खाली येतं. विहिरीच्या वरच्या अंगाला एका घराने शोषखड्ड्याचा संडास बांधला. विहिरीपासून 15 मीटर लांब असला की झालं म्हणतात. जांभ्यात, त्यातही चढावर, माझा त्यावर भरवसा नाही. त्या जुलैत वाडीत सात जणांना कावीळ झाली. सगळ्यांनी खापर फोडलं आठवड्यापूर्वी बाजारात खाल्लेल्या भज्यांवर. पण पाण्यातून येणारी कावीळ दिसायला दोन ते सात आठवडे लागतात. म्हणजे दोष जूनमधल्या पाण्याचा, आणि जूनमध्ये आम्ही सगळे तुरटी फिरवून निवांत होतो.

आता गाळ बसला की मगच टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, घालतो, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीवरच खर्ची पडतो. ताज्या पावडरीचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम. आमच्या विहिरीचा व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर, म्हणजे सुमारे 28,000 लिटर. त्याला 70 ग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवायची, चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायची आणि बादली वरखाली करून पाणी ढवळायचं. चुना आत टाकू नका, पाणी जड होतं. हे संध्याकाळी, पाणी भरून झाल्यावर. सकाळी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते थेंब टाकून बघायची चाचणी, करून घ्या. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही झालं, तर बहुतेक पावडरच मेलेली असते. पडवीत उघड्या पिशवीत ठेवलेली पावडर आपल्या दमट हवेत किती टिकणार! वास मारतो म्हणून आमची आजी अजून कुरकुरते, पण पिते.

घरात कुणी गरोदर असेल तर तिचं पाणी टीसीएल घातलेलं असलं तरी उकळूनच द्या. हेपटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते.