सोलापुरातल्या क्रीडा मंडळात काम करता करता प्रिंट डिझाइन कसं शिकावं?

तुमचा प्रश्न असा आहे: कबड्डी-खो-खो मंडळाचं ऑफिस सांभाळता, फ्लेक्स, प्रमाणपत्रं, स्मरणिका हे सगळं अंगावर आलंय, मोबाईलवर पोस्टर जमतं पण छपाईतलं कळत नाही. क्लास न लावता शिकता येईल का?

येईल. फक्त सुरुवात फ्लेक्सने करू नका, प्रमाणपत्राने करा. फ्लेक्स लांबून बघतात, त्यात बरंच काही खपून जातं. प्रमाणपत्र लोक हातात घेऊन वाचतात, त्यात काहीच खपत नाही.

डिझाइन उघडण्याआधी छापखान्यात जाऊन तीन गोष्टी विचारा: कागद कुठला, डिजिटल की ऑफसेट (प्लेट बनवून होणारी छपाई), आणि फाईल कशात हवी. ए-फोर आडवं म्हणजे २९७ × २१० मिमी. कटिंगसाठी चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड, धरलं की फाईल ३०३ × २१६ होते. कडेला चिकटून बारीक बॉर्डर देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. कटिंग एक मिलिमीटर सरकलं तरी ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. बॉर्डर हवीच असेल तर १० मिमी आत घ्या. नावं हाताने लिहायची असतील तर लॅमिनेशन आणि ग्लॉसी आर्ट कार्ड दोन्ही टाळा, जेल पेनची शाई त्यावर वाळत नाही, पुसली जाते. नावं छापूनच घेणार असाल तर सगळ्यांत लांब नाव आधी टाकून बघा. आपल्याकडे तेलुगू-कन्नड नावं भरपूर; व्यंकटेश की वेंकटेश, यल्लप्पा की येल्लप्पा, हे खेळाडूकडून लिहूनच घ्या.

खरी डोकेदुखी मराठी अक्षरांची. छापखान्यात अजूनही श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालतं त्या मराठीत, टाइप केलेला मजकूर त्या फॉन्टमध्ये टाकला की नुसता कचरा दिसतो. त्यासाठी कन्व्हर्टर लागतो. त्यापेक्षा मुक्त, हिंद, बालू यांपैकी एखादा युनिकोड फॉन्ट घ्या आणि फाईल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर करून द्या. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू. कर्व्ह झालेलं अक्षर नंतर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवा. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये जोडाक्षरं फुटतात. ‘स्पर्धा’चा रफार, ‘द्वितीय’चा द्व आणि ‘क्रीडा’चा क्र, एवढं नीट आलं तर बाकी बहुधा नीट येतं. प्रूफ मात्र कागदावर काढून, डिझाइन न केलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

रंग सीएमवायकेमध्येच ठेवा, म्हणजे छपाईच्या चार शायांत: सायन (आकाशी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा (के). स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा पोपटी छपाईत येत नाही. निळ्यात सायन १०० आणि मॅजेंटाही १०० धरला तर जर्सीचा निळा कागदावर जांभळा होतो; मॅजेंटा ७० च्या वर नेऊ नका. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर, म्हणजे के १००. चारही रंगांचा काळा केला आणि प्लेट जरा हलली की अक्षराला रंगीत सावली पडते.

मग फ्लेक्स. १० × ४ फुटांना ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ ठिपके, पुरतं: ८६४० × ३४५६ पिक्सेल. छापील कामाला मात्र ३०० लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाईल साधारण १६०० पिक्सेलची, ती कागदावर जेमतेम सव्वापाच इंच चालते. खेळाडूंना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. लाकडी फ्रेमवर ठोकायचा असेल तर चारही बाजूंना ३-४ इंच मजकुराविना सोडा. पार्क चौकात गाडीवरून जाणाऱ्याला ५० फुटांवरून वाचता यावं तर अक्षर किमान ५ इंच उंच हवं. वेलांट्या-उकारांमुळे मी ६ धरतो. अक्षरांचा हा आकार शुभेच्छुकांचे चेहरे मांडण्याआधी ठरवा, नाहीतर तारखेला जागाच उरत नाही. आणि सोलापूरच्या उन्हात लाल-पिवळा आधी विटतो, तेव्हा तारीख, वेळ, ठिकाण गडद निळ्यात किंवा काळ्यात.

मंडळाचा लोगो जेपीईजीत असेल तर तो एकदाच व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठा केला तरी फाटत नाही अशा रेषांच्या फाईलमध्ये, नीट काढून घ्या. जर्सी, भरतकाम, शिक्का सगळीकडे तोच लागतो. सब्लिमेशन (उष्णतेने कापडात रंग उतरवणारी छपाई) पॉलिस्टरवरच धरतं, सुती टी-शर्टला स्क्रीन प्रिंटिंग किंवा डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर दाबायची पद्धत).

स्मरणिका सगळ्यांत शेवटी. मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीतच लागतात, आणि जाहिराती शेवटच्या दिवसापर्यंत येतच राहतात. ३४ पानं भरली तर दोन पानांचा मजकूर काढा किंवा पानभर जाहिराती अजून दोन आणा.