मृत काकांच्या नावावरची कॉर्व्हेट आणि अडकलेला इसार

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, न्यू जर्सीत एडिसनला राहतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका गृहस्थाकडची १९६७ ची कॉर्व्हेट स्टिंग रे कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छपराची शेव्हरोलेची गाडी) ८२,००० डॉलरला ठरवली आणि ५,००० इसार दिला. चेक वटला आहे. जाहिरातीत ‘मूळ ४२७ इंजिन, सगळे नंबर जुळणारे’, म्हणजे ४२७ घन इंचाचं, कारखान्यातच बसवलेलं इंजिन, असं होतं. आता कळतंय की टायटल (गाडीच्या मालकीचा सरकारी कागद) त्याच्या वारलेल्या काकांच्या नावावर आहे. मागे काकांची सही आहे, खरेदीदाराची जागा कोरी. माझ्या मेकॅनिकला इंजिनाबद्दलही शंका आहे. विक्रेता म्हणतो, व्यवहार ‘ॲज इज’ (आहे तशी, हमीशिवाय) आहे, इसार परत मिळणार नाही. आणि बिलात २०,००० च लिहू, तुमचा टॅक्स वाचेल. शनिवारी पैसे घेऊन बोलावलं आहे. गाडी पुढेमागे नाशिकला न्यायची इच्छा आहे. काय करू?

उत्तर : नमस्कार. शनिवारी जाऊ नका. इसाराकडे नंतर येते, आधी टायटल.

पेनसिल्व्हेनियात टायटलच्या मागची विक्रेत्याची सही नोटरीसमोर किंवा राज्याने अधिकार दिलेल्या एजंटासमोर व्हावी लागते. काका आता हयात नाहीत, त्यामुळे ती सही प्रमाणित करून देणारं कोणी उरलेलं नाही. त्यांनी जिवंतपणी खरोखर सही केली असेल, गाडी पुतण्यालाच द्यायची त्यांची इच्छाही असेल. तरी कागदोपत्री ती आज त्यांच्या इस्टेटीची, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेची, आहे. विकण्याचा हक्क मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरचा, किंवा मृत्युपत्र नसेल तर नेमणूक झालेल्या ॲडमिनिस्ट्रेटरचा. तो हक्क सिद्ध करणारा कागद काउंटीच्या ‘रजिस्टर ऑफ विल्स’ कार्यालयाकडून मिळतो. त्याला तिकडे ‘शॉर्ट सर्टिफिकेट’ म्हणतात. काही वेळा जवळच्या वारसांना प्रोबेटशिवायही (मृत्युपत्र व वारसांच्या कायदेशीर प्रक्रियेशिवायही) गाडी नावावर करून घेता येते, पण तेही रीतसर फॉर्म भरून. काकांना बायको-मुलं आहेत का, हे तुम्ही विचारलंत का? मी पहिला प्रश्न तोच विचारला असता. एखाद्या मुलीने उद्या ‘माझ्या वडिलांची गाडी चुलतभावाने परस्पर विकली’ असा दावा लावला, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

आणि हक्क नसलेल्याकडून घेतलेल्या वस्तूला वर्षं लोटली म्हणून मालकी चिकटत नाही. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेलेली १९६८ ची एक कॉर्व्हेट २००५ मध्ये स्वीडनला निघाली असताना कॅलिफोर्नियात कस्टम्सने पकडली आणि मूळ मालकाला परत मिळाली. मधल्या काळात ज्यांनी ती प्रामाणिकपणे विकत घेतली असेल, त्यांचा प्रामाणिकपणा तिथे कामी आला नाही. तुमची गाडी चोरीची आहे असं मी म्हणत नाही. पण १९८१ च्या आधीच्या गाड्यांना आजचा १७ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) नसतो, त्यामुळे नेहमीचे इतिहास-अहवाल इथे जवळजवळ निरुपयोगी आहेत. गाडीवर जो ओळख क्रमांक आहे तो पोलिसांकडूनच तपासून घ्या.

तो क्रमांक स्वतःही वाचा. तुमच्या गाडीचा १९४६७ ने सुरू व्हायला हवा. त्यातला ६७ हा सालाचा नाही, तो कन्व्हर्टिबलचा आहे. कूपेला (पक्क्या छपराच्या गाडीला) तिथे ३७ असतो. साल म्हणजे त्यापुढचा ७, आणि नंतरचा ‘एस’ सेंट लुईसच्या कारखान्याचा. त्या क्रमांकाची धातूची प्लेट काढून परत लावल्यासारखी दिसली तर तिथेच थांबा. कॅन्ससमध्ये एका गृहस्थाने रीतसर पैसे मोजून घेतलेली १९५९ ची कॉर्व्हेट केवळ या कारणावरून जप्त झाली. जुन्या डागडुजीत कोणीतरी प्लेट काढून परत बसवली होती, एवढंच. राज्याचा कायदा बदलला तेव्हा कुठे ती सुटली, आणि त्यात काही वर्षं गेली.

आता इंजिन. त्या काळच्या कॉर्व्हेटच्या क्रमांकात इंजिनाची नोंदच नसते, म्हणून ३२७ ची गाडी ४२७ करून विकणं हा जुना धंदा आहे. ब्लॉकवर (इंजिनाच्या ओतीव सांगाड्यावर) ओतकामाची तारीख असते आणि बॉडीच्या ट्रिम टॅगवर, म्हणजे तिच्यावरच्या छोट्या पट्टीवर, बॉडीच्या बांधणीची. ब्लॉक बॉडीनंतर ओतलेला निघाला, तर ते या गाडीचं मूळ इंजिन असणं कठीण. पेट्रोलच्या टाकीवर कारखान्याने चिकटवलेला कागद शाबूत असेल तर त्यावरही इंजिन कोणतं ते लिहिलेलं असतं. मेकॅनिकच्या शंकेचे फोटो आणि दोन ओळी लेखी घ्या.

‘ॲज इज’ या शब्दांना लोक वाजवीपेक्षा जास्त घाबरतात. गाडी चांगली चालेल ही न बोललेली हमी त्यांनी जाते, हे खरं. पण ‘मूळ ४२७’ हे विक्रेत्याने केलेलं वस्तूचं वर्णन आहे. त्यावर विसंबून सौदा झाला असेल तर युनिफॉर्म कमर्शियल कोड या विक्रीव्यवहारांच्या कायद्याच्या कलम २-३१३ प्रमाणे ती स्पष्ट हमी ठरते, आणि विक्रेता डीलर नसला तरी ठरते. मालकी निर्दोष असल्याची हमीही निव्वळ ‘ॲज इज’ने पुसली जात नाही. मात्र अंतिम लेखी करारात हे वर्णन नसेल आणि ‘एवढाच आमचा पूर्ण करार’ असं वाक्य असेल, तर जाहिरात कोर्टात पुढे करणं अवघड होतं. म्हणून जाहिरात आजच जतन करा आणि वर्णन बिल ऑफ सेलमध्ये शब्दशः उतरवून घ्या. विक्रेता ते लिहायला तयार नसेल, तर त्याचा स्वतःच्या जाहिरातीवर विश्वास नाही असं मी समजेन.

इसार बुडाला असं मानू नका. निर्दोष टायटल देणं ही त्याची जबाबदारी आहे. ते देता येत नसेल तर तुम्ही सौदा रद्द करून पूर्ण ५,००० मागू शकता. समजा, कोर्टाने चूक तुमची धरली. तरीही त्याच कोडच्या कलम २-७१८ प्रमाणे करारात नुकसानभरपाईची वाजवी रक्कम ठरलेली नसेल, तर विक्रेता आपोआप ठेवू शकतो ती रक्कम किमतीच्या २० टक्के किंवा ५०० डॉलर, यातली कमी असेल ती. जास्त ठेवायचं तर त्याला खरोखर झालेलं नुकसान सिद्ध करावं लागेल. पेनसिल्व्हेनियात १२,००० डॉलरपर्यंतचे असे दावे मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजसमोर (छोटे दावे ऐकणाऱ्या स्थानिक न्यायाधीशासमोर) चालतात आणि तिथे वकिलाशिवायही उभं राहता येतं.

बिलात २०,००० लिहायला साफ नकार द्या. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के आहे, म्हणजे वाचणार ४,१०७ डॉलर. ती करचोरी आहे, सही तुमची असेल, आणि उद्या इंजिन खोटं निघालं तर तुमच्याच हातचा कागद सांगेल की तुम्ही फक्त २०,००० दिले होते.

नाशिकचं आत्ता मनात ठेवू नका. भारतात ५० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे नियम आहेत, पण आयातीचा खर्च मोठा आहे. शिवाय इथून गाडी बाहेर पाठवायची तर जहाजावर चढवण्याच्या ७२ तास आधी मूळ टायटल अमेरिकन कस्टम्सला दाखवावं लागतं. म्हणजे तिथेही हाच कागद आडवा येईल.

आज रात्री विक्रेत्याला ईमेल करा आणि तेच पत्र रजिस्टर्ड टपालानेही पाठवा. शब्द साधे ठेवा : ‘इस्टेटीच्या अधिकृत प्रतिनिधीची नोटरीसमोरची सही आणि त्याच्या नेमणुकीचा दाखला १४ दिवसांत द्यावा, इंजिनाची तपासणी माझ्या तज्ज्ञाकडून होऊ द्यावी, अन्यथा सौदा रद्द समजून ५,००० डॉलर परत करावेत.’ शनिवारच्या भेटीबद्दल फोनवर बोलू नका, जे असेल ते लेखी. काय उत्तर येतं ते मला कळवा. ते येईपर्यंत कशावरही सही करू नका.