केसपेपरवर पत्ता लिहा, धंदाही लिहा

हवा आणि श्वसनाचे आजार या विषयावर आलेल्या पत्रांत या वेळी एकच सूर सारखा ऐकू आला: डॉक्टर मंडळी एकत्र येऊन यात काही करतात की नाही? छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून हा प्रश्न मलाही आहे. म्हणून हे सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दर हिवाळ्यात छाती घरघरते, वाफ द्यावी लागते. डॉक्टर 'धुळीची अ‍ॅलर्जी' म्हणतात. वीज केंद्राबद्दल विचारलं की विषय बदलतात. असं का? (एक आई, चंद्रपूर)

उत्तर : आधी मुलाचं बोलू. बरं वाटतंय म्हणून श्वासातून औषध घेण्याचा रोजचा पंप परस्पर बंद करू नका. पंपाची सवय लागत नाही. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून दिला तर औषध घशात न अडकता फुप्फुसात पोचतं. शेजारीपाजारी काहीही म्हणोत, हा उपचार सोडू नका.

आता डॉक्टरांचं. एका मुलाला तपासून 'याचा दमा अमुक चिमणीमुळे' असं सांगणं फार अवघड असतं. दमा घराण्यात असतो, घरात उदबत्ती नाहीतर चूल असते, सर्दीचे विषाणू असतात. पण शहरातल्या सगळ्या मुलांबद्दल मात्र बरंच काही सांगता येतं, आणि ते सांगायलाच हवं. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. कोळशाची राख डोळ्यांना दिसते, सल्फर डायऑक्साइड दिसत नाही. हवेत गेल्यावर या वायूपासून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि नाकातल्या केसांना, कफाला चुकवून वायुकोशांपर्यंत उतरतात. हा वायू रोखण्यासाठीचे निकष केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये आणले, मुदत दोन वर्षांची दिली. मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक वीज केंद्रांना सूटच मिळाली. एवढ्या वर्षांत आम्हा डॉक्टरांचा आवाज जितका उठायला हवा होता तितका उठला नाही, याचं मला दुःख आहे.

एका मुलाबद्दलही कधी कधी सांगता येतं, पण त्याला नोंदी लागतात. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी एला किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिच्या आईने पाठपुरावा सोडला नाही. श्वसनरोगतज्ज्ञ प्रा. स्टीफन होलगेट यांनी एलाला रुग्णालयात दाखल केल्याच्या तारखा आणि घराजवळच्या हवामापन केंद्राचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तपासले. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची अधिकृत नोंद झाली. ब्रिटनमध्ये अशी नोंद त्याआधी झाली नव्हती.

तुमच्या डॉक्टरांना माझा निरोप द्या: पुढचा प्रश्न त्यांच्यासाठीच घेतला आहे.

प्रश्न : एमआयडीसीला लागून माझा दवाखाना आहे. खोकला, धाप, त्वचेच्या तक्रारी रोजच्या. बोलावंसं वाटतं, पण कंपन्यांची कामं हातची जातील, शिवाय 'डॉक्टरने राजकारण करू नये' असं वरिष्ठ म्हणतात. सुरुवात कुठून करू? (एक तरुण डॉक्टर, पालघर जिल्हा)

उत्तर : वरिष्ठांना २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता वाचायला द्या. डॉक्टर हा विशेष शिक्षण घेतलेला नागरिक आहे आणि त्याने सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नांवर लोकांना सल्ला द्यावा, असं तिच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे बोलणं हे कर्तव्यातच बसतं.

सुरुवात केसपेपरपासून करा. आपल्याकडे केसपेपरवर नाव, वय, वजन असतं. पत्त्याच्या जागी नुसतं गावाचं नाव, आणि धंद्याची जागा रिकामी किंवा 'नोकरी'. नोकरी कसली? खडी क्रशरवर, फाउंड्रीत, रंगाच्या कारखान्यात, की गोदामात? वस्ती कुठली, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला? हे दोन रकाने नीट भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही. माझ्या ओपीडीत खोकल्याच्या रुग्णाला 'काय काम करता' यानंतर 'त्याआधी काय करत होतात' हे विचारल्याशिवाय स्टेथोस्कोप लावत नाही. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बऱ्याचदा या दुसऱ्या उत्तरात सापडतो. क्षयाची औषधं देऊनही फरक न पडलेला माणूस वीस वर्षांपूर्वी दगड फोडत होता, हे तेव्हा कळतं. आणि कारखान्याच्या कामगाराला सिलिकोसिस किंवा शिशाची विषबाधा असल्याचं दिसलं तर कारखाना निरीक्षकांकडे लेखी कळवण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकली. कितीतरी डॉक्टरांना हे ठाऊकच नसतं.

दुसरी गोष्ट, एकटे बोलू नका. तुमच्या भीतीत तथ्य आहे. एक डॉक्टर बोलला की त्याचा हेतू शोधला जातो. तालुक्यातल्या सगळ्यांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवून सह्या केल्या की आकड्यांकडे बघावं लागतं. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखेत, होमिओपॅथ आणि आयुर्वेदाच्या मंडळींना सोबत घेऊन, आठवड्याला धापेचे नवे रुग्ण किती एवढं जरी मोजलंत तरी पुरे. रुग्णाची नावं त्यात अजिबात नकोत. निष्कर्षही जपून काढा. एक कच्चा दावा खोडला गेला की उरलेल्या दहा पक्क्या गोष्टीही लोक ऐकत नाहीत.

या नोंदी कुठे न्यायच्या? मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. प्रदूषण नियंत्रण मंडळ तीस दिवस आधी जाहिरात देतं, प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा गोषवारा मराठीत मिळतो. त्यातलं आरोग्याचं प्रकरण काढून वाचा. ते पुष्कळदा इतकं त्रोटक असतं की परिसरात दमेकरी किती, याचा पत्ताच नसतो. तिथे उभं राहून, आवाज न चढवता, आपल्या नोंदी वाचून दाखवणारे पाच डॉक्टर असले तर त्या नोंदी सुनावणीच्या इतिवृत्तात येतात, आणि पुढे न्यायालयातही इतिवृत्त उघडलं जातं.

प्रश्न : डॉक्टरांनी असं करून कुठे काही बदललं आहे का? (निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : हो. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात कोळशावरची पाच वीज केंद्रं होती आणि साधारण पाव वीज त्यांच्यातून यायची. प्रांताच्या वैद्यकीय संघटनेने २००० साली हिशेब मांडला: हवेच्या प्रदूषणामुळे वर्षाला सुमारे १,९०० अकाली मृत्यू, शिवाय रुग्णालयाचा खर्च आणि बुडालेले कामाचे दिवस. वाद तोवर 'कोळशाची वीज स्वस्त' इथे अडला होता. उपचारांचं बिल त्यात धरल्यावर स्वस्ताईचं गणितच बदललं. डॉक्टर आणि पर्यावरण संस्था एका मागणीवर ठाम राहिले आणि २००३ च्या निवडणुकीत तिन्ही मोठ्या पक्षांनी कोळसा बंद करण्याचं आश्वासन दिलं. ठरलेली मुदत चुकली, पण एप्रिल २०१४ मध्ये शेवटच्या केंद्रातला कोळसा थांबला. २००५ मध्ये धुरक्याचे इशारे असलेले ५३ दिवस होते; २०१४ मध्ये एकही नव्हता. सगळं श्रेय डॉक्टरांचं नाही, अणुवीज आणि गॅस हाताशी होते, शेजारच्या अमेरिकेतलं प्रदूषणही घटलं. पण मागणीला आरोग्याचा पाया डॉक्टरांनी दिला.

एकटा डॉक्टर असला की काय होतं, तेही सांगतो. जपानमध्ये मिनामाता इथे चिस्सो या रसायन कंपनीच्याच रुग्णालयातले डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी अनोळखी मेंदूविकाराची खबर आरोग्य केंद्राला दिली. १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराला अन्नातून दिलं आणि त्या मांजरालाही तोच आजार झाला. कंपनीने हे बाहेर येऊ दिलं नाही. आजाराचं मूळ असलेला, सांडपाण्यातला पारा पुढे १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिला. होसोकावांनी १९७० मध्ये, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना, न्यायालयापुढे साक्ष दिली. त्या माणसाच्या पाठीशी सहकाऱ्यांची फळी असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : आमच्याच रुग्णालयातला कचरा जाळला जातो. आम्ही दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? (परिचारिका, नाशिक)

उत्तर : आधी घर आवरायला हवं, हे पटतं. २०१६ च्या नियमांनुसार क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या बंद व्हायला हव्यात, कारण त्या जळताना डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होतं. तुमच्या वॉर्डातली, जाळायच्या कचऱ्याची पिवळी पिशवी कोणत्या प्लास्टिकची आहे, हे स्टोअरला विचारा. सलाइनच्या बाटल्या आणि नळ्या न जाळायच्या कचऱ्याच्या लाल पिशवीतच जातात ना, तेही बघा. वैद्यकीय कचरा जाळणाऱ्या भट्टीविरुद्ध मुंबईतल्या गोवंडीच्या रहिवाशांना उच्च न्यायालयात जावं लागलं. तो धूर रुग्णालयांच्या कचऱ्याचा होता. पण सगळं स्वच्छ होईपर्यंत गप्प बसा, असं मी म्हणणार नाही. दोन्ही कामं एकत्र चालू शकतात.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे. पहाटे पाचला फिरायला जाण्याचा हट्ट धरतात. (वाचक, मुंबई)

उत्तर : हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत कोंडलेली असते आणि धूरही तिच्यातच अडकतो. ऊन वर आल्यावर, हमरस्ता सोडून फिरू द्या. हवा निर्देशांक (एक्यूआय) २०० च्या वर असेल तर घरातच चालावं. धाप लागली ते दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवायला सांगा आणि पुढच्या तपासणीला ते कॅलेंडर सोबत आणा.