मुलगा धडधाकट आहे, तरी दिल्लीकडच्या हवेचा त्रास होईल का?

प्रश्न विचारणारे निपाणीचे आहेत. मुलाला नोएडात नोकरी लागलीय, त्याला दमा नाही, खोकला नाही, कसलं व्यसन नाही, मग पीएम २.५ ला, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांना, एवढं भ्यायचं कारण काय आणि प्युरिफायर घ्यावा की मास्क पुरे, असं त्यांनी विचारलंय. खाली एक ओळ जोडलीय, "आमच्याकडची हवा एकदम शुद्ध, त्यामुळे यातलं फारसं कळत नाही." खरं सांगायचं तर त्या ओळीसाठीच मी लिहायला बसलेय.

आधी मुलाचं. दमा नाही हे चांगलंच, पण हा विषय मुळात दम्यापुरता नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा अंदाज बघा. बाहेरच्या प्रदूषित हवेनं जगात ४२ लाख अकाली मृत्यू, आणि त्यातले ६८ टक्के हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे. फुफ्फुसाचा कॅन्सर ४ टक्के. पीएम २.५ चे कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाइतके किंवा त्याहून बारीक असतात. नाकात, घशात कुठं अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांत जाऊन बसतात. तिथं दाह सुरू होतो आणि त्याचे परिणाम रक्तापर्यंत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत जातात. बीपी वाढतं, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. यात खोकला कुठं आला सांगा? धडधाकट माणसाला पत्ताच लागत नाही तो असा.

आमच्या दादाचं हेच झालं. गुरुग्रामला राहायचा, ऑफिस दिल्लीत. पहाटे पळायला जायचा, ऐन नोव्हेंबरातसुद्धा. थंडीत तिकडं हवा जमिनीलगत साकळून राहते, धूर वर जातच नाही, आणि पहाटेची वेळ बहुधा सगळ्यात वाईट. हा त्याच वेळी छाती भरभरून श्वास घेणार. ऑफिसच्या जिन्यात अटॅक आला, दोन स्टेंट पडले. त्याचं डिस्चार्ज कार्ड अक्कानं रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत जपून ठेवलंय. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, धूम्रपान नाही, तंबाखू नाही, घराण्यात हृदयविकार नाही. घरच्यांनी एका दमात निकाल दिला, टेन्शन.

पुढं विश्रांतीसाठी त्याला अक्काकडं आणलं, चिकोडीजवळच्या खेड्यात. गावाकडची शुद्ध हवा लागेल म्हणून. जानेवारी महिना, ऊसतोड जोरात. दाजींचा घरामागचा प्लॉट तुटला, टोळी गेली आणि दिवस मावळताना दाजींनी पाचटाला, म्हणजे रानात राहिलेल्या उसाच्या वाळक्या पाल्याला, काडी लावली. शेजारच्या दोघांनीही त्याच सुमारास लावली. बघता बघता अंगण धुरानं भरलं. जळक्या पाचटाचे काळे तुकडे दोरीवरच्या धोतरावर, दादाच्या चहाच्या बशीत, अक्काच्या केसांत. लोकांना तेवढेच दिसतात, म्हणून तेवढंच झटकतात. ते बिचारे निरुपद्रवी, फुंकर मारली की उडतात. आत जातं ते डोळ्याला दिसत नाही.

मी म्हटलं, "दाजी, आत माणूस स्टेंट घालून पडलाय आणि तुम्ही पाचट पेटवताय?"

"अगं, वारं बघूनच लावली की. आणि धुरानं कुणाला अटॅक येतो व्हय? आमचा आजा जन्मभर चुलीपुढं बसला, नव्वदीत गेला." वर आणखी, "त्या कार्डावर कुठं लिवलंय प्रदूषण म्हणून? दाखव की."

कार्डावर नाही, हे खरंच. पण डॉक्टर लिहीत नाहीत म्हणून कारण नसतं असं नाही. लंडनमधली एला अडू-किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी २०१३ साली दम्याच्या झटक्यानं गेली. वाहत्या हमरस्त्याजवळ घर होतं. तिच्या आईनं प्रकरण लावून धरलं आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं कारणांमध्ये हवेचं प्रदूषण लिहिलं. मी हे सांगितलं तर दाजी म्हणतात, "ती दम्याची की. तुझा दादा हार्टचा." बरं, मग हे घ्या. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या आठ हजारांवर माणसांवर चौदा ते सोळा वर्षं नजर ठेवून १९९३ साली निष्कर्ष छापले. सिगारेट, वजन, शिक्षण यांचा हिशेब वेगळा काढूनही सगळ्यात धुरकट स्ट्यूबेनव्हिलमधला मृत्युदर सगळ्यात स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि जास्तीच्या मृत्यूंत हृदयविकार होताच. यावर दाजी काय म्हणावेत? "अमेरिकेत ऊस कुठला?" असतो ओ, लुइझियानात असतो, आणि तिथंही पेटवतात!

आता तुमची 'शुद्ध हवा'. केंद्रानं २०१९ मध्ये स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्यातल्या खराब हवेच्या शहरांच्या यादीत कर्नाटकातलं बेंगळुरू, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी आहे. बेळगावचं नाव नाही, म्हणून आमच्या टिळकवाडीतसुद्धा लोक छाती फुगवून सांगतात. दिल्लीशी आपली बरोबरी नाही, मान्य. तिथली पीएम २.५ ची वर्षाची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, देशाची मर्यादा ४०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. आपल्याला घाटावरचा वारा आहे, चार महिने पाऊस हवा धुऊन काढतो. पण उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, पुणे-बेंगळुरू हायवेचे ट्रक, गल्लीच्या कोपऱ्यावर सकाळी जळणारं प्लास्टिक आणि हंगामात पाचट, हे काय सुगंधी आहे काय? ज्या संध्याकाळी तुमच्या मागच्या रानात पाचट पेटतं, त्या संध्याकाळी तुमचं अंगण आणि नोएडा यात फार फरक काढू नका.

मुलाला प्युरिफायर घेऊन द्या, झोपायच्या खोलीपुरता. हेपा फिल्टरचा (हे बारीक कण अडवणारा), खोलीच्या मापाला पुरेल असा, आणि दार-खिडकी लावून चालवायचा. ओझोन सोडणारा नको. त्याच खोलीत डासांची कॉइल लावली तर सगळं पाण्यात. बाहेर एन-९५, चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते. कापडी मास्क, रुमाल, उपरणं यांनी धूळ अडते, हे कण नाही. मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती वाईट ते सांगणारा निर्देशांक, दिसतो तो मायक्रोग्रॅमचा आकडा समजू नका. पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम म्हणजे एक्यूआय १००, १२० म्हणजे थेट ३००. थंडीत पहाटेचं पळणं बंद, व्यायाम घरात.

आणि घरी ऊस असेल तर पाचट पेटवू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. पेटवलं की त्यातला नत्र धुराबरोबर जातो, राखेत पालाश तेवढा उरतो. दाजी त्याच राखेला खत म्हणतात! कुट्टी करून सरीत दाबा, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाका. ओल टिकते, तण कमी येतं. उंदीर होतात, खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारं पुढचं पीक) नीट फुटत नाही, ही दाजींची कारणं मला पाठ आहेत. बुडखे मोकळे ठेवले तर खोडवा फुटतो, अक्काच्या शेजाऱ्याचा फुटलाय.

एक राहिलं. मी डॉक्टर नाही, आणि अमुक एका माणसाचा अटॅक हवेनंच आला असं कुणीच सांगू शकत नाही. धोका वाढतो एवढंच सांगता येतं. दादाच्या कार्डावर कोलेस्टेरॉल थोडं जास्त होतं, टेन्शनही होतंच. तेव्हा जायच्या आधी मुलाचं बीपी आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्या, तिशीतला असला तरी.

दाजी, अक्कानं हे तुम्हाला वाचून दाखवलं असेलच. यंदा कुट्टी मशीनचं भाडं मी भरते.