टेप नव्हती, मग धोळावीरा मापात कसं बसलं?

तुमचा प्रश्न असा आहे की, हडप्पाकालीन लोकांची मोजपट्टी सापडलीय का, आणि एवढी आखीव शहरं त्यांनी उभारली कशी?

मोजपट्ट्या सापडल्यात, पण तुकडेच. मोहेंजोदडोला शंखाचा, गुजरातमधल्या लोथलला हस्तिदंताचा. लोथलच्या तुकड्यावर 46 मिलिमीटरमध्ये 27 रेघा आहेत, म्हणजे दोन रेघांत जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. एवढ्या बारीक पट्टीने कोणी तटबंदी आखणार नाही. माझ्या मते साइटवरची त्यांची खरी मोजपट्टी म्हणजे वीट.

मी बांधकामावर सुपरवायझर आहे, म्हणून हे मला फार जवळचं वाटतं. त्यांच्या भरभराटीच्या काळातल्या विटेचं प्रमाण 1:2:4. घरांच्या विटा साधारण 7 × 14 × 28 सेंटिमीटर. दोन विटा रुंदीने शेजारी लावल्या की एका विटेची लांबी भरते, चार एकावर एक रचल्या की तेवढीच उंची. एक थर लांबीने, एक रुंदीने घेत गेलं की भिंत आपोआप मापात राहते. आमचा गवंडी आजही ‘नऊ इंची भिंत’, ‘साडेचार इंची भिंत’ म्हणतो, तेही विटेचंच माप. राजस्थानातल्या कालीबंगन या हडप्पाकालीन शहरात आधीच्या वस्तीत विटा 10 × 20 × 30 सेंटिमीटरच्या होत्या, नंतर 1:2:4 आलं. तिथले रस्ते बघा: 1.8, 3.6, 5.4, 7.2 मीटर. सगळे 1.8 च्या पटीत!

कच्छमधलं धोळावीरा सुमारे 771 × 617 मीटर, म्हणजे 5:4. आतला बालेकिल्ला 114 × 92, तोही जवळजवळ 5:4. प्रमाण एकदा ठरलं की खुंट्या आणि दोरी पुरते. एका बाजूला पाच दोऱ्या, दुसरीला चार.

प्राचीन भारताचे अभ्यासक मिशेल दनिनो यांनी धोळावीऱ्याच्या मापांवरून 1.9 मीटरचं एकक मांडलंय, म्हणजे 1.76 सेंटिमीटरची 108 अंगुळं (अंगुळ म्हणजे बोटाच्या रुंदीएवढं जुनं माप). कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्ते आणि तटासाठी 108 अंगुळांचंच ‘धनुष्य’ हे माप सांगितलंय. मात्र ते धोळावीऱ्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी लिहिलेलं आहे, त्यामुळे मी याला पुरावा नाही, भक्कम अंदाज म्हणेन. पण त्या अंगुळाने विटेची जाडी मोजा: 7 सेंटिमीटर, जवळजवळ बरोब्बर चार अंगुळं. रुंदी आठ, लांबी सोळा.