'परीक्षेत आणू नकोस' की 'मोहात पडू देऊ नकोस'?

माहीमच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या शेजारचे प्रॉटेस्टंट कुटुंब प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, 'आम्हांस परीक्षेत आणू नकोस' म्हणते, तर मैत्रिणीच्या कॅथलिक घरी 'मोहात पडू देऊ नकोस' असे ऐकू येते. बरोबर कोणते? आणि देवाने परीक्षा घेतली तर बिघडले कुठे?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) ही ओळ आहे (६:१३). तिच्यातल्या मूळ ग्रीक शब्दात पारखणे आणि भुलवणे हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत त्यांची वाटणी दोन शब्दांत होते, म्हणून दोन्ही रूपे बरोबर. इटालियन प्रार्थनेतही याच ओळीचे शब्द अलीकडे बदलले. 'मोहात नेऊ नकोस' अशा अर्थाच्या शब्दांऐवजी 'आम्हांला मोहाच्या हवाली करू नकोस' अशा अर्थाचे शब्द आले आणि ते २०२० च्या मिस्सा-ग्रंथात (कॅथलिक उपासनेच्या प्रार्थनांच्या पुस्तकात) छापले गेले.

'परीक्षा' म्हटले की मुंबईच्या मुलाला मार्चमधली दहावी आठवते. ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळही बहुधा त्याच सुमारास येतो. पण या शब्दाचा जुना अर्थ आपल्याकडे 'सत्त्वपरीक्षा' या शब्दात शाबूत आहे. हरिश्चंद्राची झाली ती. म्हणूनच चर्चमधली मराठी माणसे घरात आजारपण आले, नोकरी गेली, की 'आम्ही परीक्षेतून जातोय' असे सहज म्हणतात. तिथे 'मोह' चालणारच नाही.

क्रियापदही नीट पाहावे. बायबलमध्ये देव अब्राहाम या कुलपित्याची परीक्षा पाहतो. अरण्यात सैतानाकडून येशूची परीक्षा होते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असे सैतान सुचवतो तेव्हा येशू जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातले वचन त्याच्यापुढे ठेवतो: आपल्या देवाची परीक्षा पाहू नकोस. म्हणजे माणूसही देवाची परीक्षा पाहू शकतो, आणि ते निषिद्ध आहे. त्या प्रसंगातली तिन्ही उत्तरे त्याच पुस्तकातली आहेत. येशू वाद घालत नाही, स्वतःचे बळ दाखवत नाही, शास्त्रवचनावर उभा राहतो. मोहाचा प्रतिकार कसा करावा, याचे ख्रिस्ती जीवनातले हे मूळ उदाहरण.

आता 'मोह'. षड्रिपूंमधला मोह म्हणजे भ्रम, भान हरपणे. रोजच्या मराठीत तो ओढ या अर्थाने येतो. इथे आपल्या व्याकरणाने एक फार मोलाचा भेद जपला आहे, असे मला मनापासून वाटते. 'मला मोह झाला' यात मी कर्ता नाही. तो माझ्याकडे आला. 'मी मोहाला बळी पडलो' यात मात्र कर्ता मीच. टेबलाखालून आलेले पाकीट पाहून मन हलले, इथपर्यंत मोह झाला; हात पुढे गेला तिथे पाप सुरू होते. ख्रिस्ती शिकवण हीच आहे. येशू सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असे नव्या करारातले 'इब्री लोकांस पत्र' सांगते (४:१५). त्यामुळे नुसत्या मोह होण्याने स्वतःला अपराधी मानणाऱ्याला हा भेद जरूर सांगावा.

नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब तर स्पष्टच लिहितो की देव कोणाला मोहात पाडत नाही. माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो. त्याच्याच पत्रात (४:७) सैतानाला अडवा, असे आहे. 'अडवा' हा शब्द लोकांच्या लक्षात राहतो, पण त्याआधी देवाच्या अधीन व्हा, असे सांगितले आहे. तो क्रम सोडला तर विश्वासाची गोष्ट नुसत्या मनोनिग्रहाची होऊन बसते.

नव्या करारातल्या 'करिंथकरांस पहिले पत्र' यात (१०:१३) परीक्षेसोबत तिच्यातून 'निभावण्याचा' उपायही देव करील, असे मराठी रूप आहे. मूळ शब्दाचा अर्थ बाहेर पडण्याची वाट. 'सुटका' हा शब्दही चालला असता, पण निभावणारा माणूस प्रसंगाच्या आतून पार होतो. त्याच वचनात पुढे ती सहन करता यावी असे म्हटले आहे, तेव्हा 'निभावणे' हीच निवड मला अधिक नेमकी वाटते.